आत उघडणारं दार

४ मार्च

जिजी आज परत फाट्यावर सापडल्या!

मी मागच्या मोरीत भांडी घासत होते. पुढचं दार नुसतं लोटलेलं. हात पुसत बाहेर येते तर दार सताड उघडं आणि खाट रिकामी. चपला जागेवर, म्हणजे अनवाणीच. गल्लीत कोणी पाहिलं नाही. एरवी माझ्या घरी कोण आलं, किती वेळ बसलं, हे सगळं ठाऊक असणारी गल्ली! तशीच पळत सुटले. एसटीच्या शेडमध्ये बसल्या होत्या, पदर नीट डोक्यावर, हात मांडीवर. समोरून ट्रकमागून ट्रक. रसवंतीवाला म्हणाला, "ताई, रस्ता ओलांडतांना मीच हात धरा त्यास्ना. नहीतर आज काय खरं नव्हतं."

फाट्यावर आता मला सगळे ओळखतात — फिरणाऱ्या जिजीची वहू, म्हणजे सून. चांगली पदवी मिळाली.

दंड धरून उठवलं तर माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "वो बाई, तू कोन शे?"

मी काय सांगणार? यांना ओळखतात, 'गोपाल' म्हणून हाक मारतात. सुरतेला दिलेल्या लेकीला, मोहिनीला, फोनवरच्या आवाजावरून ओळखतात. समोरच्या सरलाबाईंना ओळखतात. मला नाही! लग्न होऊन आल्यापासून ज्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात राबले, त्यांच्या लेखी मी 'बाई'. कामाला ठेवलेली.

५ मार्च

जिजींच्या तळव्यांना फोड आलेत. खोबरेल लावलं. "चांगली शे ही बाई," असं त्यांनी यांना सांगितलं. हे हसले. मला हसू आलं नाही.

८ मार्च

आज माझी चूक झाली असं सगळे म्हणतात. असेल.

दळण आणायचं होतं. जिजींना नेलं तर त्या चक्कीवर बसत नाहीत, घरी ठेवलं तर फाटा गाठतात. मागच्या दाराकडे त्या कधी फिरकत नाहीत, म्हणून पुढच्या दारालाच बाहेरून कडी लावली आणि गेले. चक्की अशी किती लांब? आले तर दारासमोर ही गर्दी! आतून जिजी तांब्याने दार बडवत होत्या. "माले कोंडी दिन्हं! गोपाल, माले कोंडी दिन्हं!" सरलाबाई कमरेवर हात ठेवून. "नूतन, सासूले कोंडी दिन्ही का?" मी कडी काढली. जिजी घामाने भिजलेल्या, डोळे असे झालेले की मलाच बघवेना.

हे शेतातून आले तोवर बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. जेवले नाहीत. "मन्ही माय शे ती, जनावर नही. कुलूप-कडी या घरमा चालावं नही." मी म्हटलं, मग तुम्ही बसा घरी. मी जाते मिरची वाळवायच्या पथारीवर, तिथे निदान कोणी पळून जात नाही. आतली वरची कडी लावून पाहिली होती मागे. स्टूल घेऊन चढल्या! पडल्या असत्या तर?

मग काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

नोकरी सोडली मी जिजींसाठी. नंदुरबारला पतसंस्थेत होते. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. गेल्या वर्षी जिजींनी गॅस चालू ठेवला आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसल्या, तेव्हा राजीनामा दिला. आणि संध्याकाळी मी यायचे तेव्हाचं काय सांगू? जिजी दारातच असायच्या. मी पायरी चढले की दार ओढून बाजूला व्हायच्या आणि मी आत पाऊल टाकलं की पाठ फिरवून सरळ स्वयंपाकघरात. 'आलीस का' एवढंसुद्धा नाही! इतकी वर्षं. ती पाठ बघत बघत माझं वय झालं. आणि आज मी त्यांना कोंडणारी.

११ मार्च

भावेशने पुण्याहून कसलं तरी यंत्र पाठवलं. दार उघडलं की वाजतं. लेकाला वाटतं, आई-बापांचे सगळे प्रश्न कुरियरने सुटतात.

सकाळपासून वाजतंय. दूधवाला आला — वाजलं. मांजर आली — वाजलं. वाजलं की जिजी उशीखाली हात घालतात, फोन शोधतात आणि "हॅलो, कोन बोली ऱ्हायनं?" संध्याकाळी मीच त्याचा सेल काढून ठेवला.

१४ मार्च

धुळवड. जिजींच्या कपाळाला गुलाल लावला. म्हणाल्या, "आज सन शे, बाई. तू तुन्हा घर जाय ना. तुन्हा पोरंसोरं वाट पाहतीन."

१८ मार्च

आज त्या नंदुरबारला पोचल्या. एसटीत बसून!

मी आंघोळीला गेले होते, तेवढाच वेळ. फाट्यावर नाहीत, मारुतीच्या पारावर नाहीत, पाण्याच्या टाकीजवळ नाहीत. हे मोटारसायकलवर वेड्यासारखे फिरत होते. मी विहिरीत डोकावून आले. हे कोणाला सांगितलं नाही, इथेच लिहिते. पाणी शांत होतं. तरी किती वेळ बघत राहिले!

मग कंडक्टरचा फोन आला. जिजींच्या गळ्यातल्या दोऱ्यात यांचा नंबर बांधून ठेवलाय, ते एक शहाणपण केलं होतं. नंदुरबार स्टँडच्या बाकावर बसवलं होतं त्याने. तिकीट मागितलं तर त्यांनी त्याला सांगितलं, "लेवाले जाई ऱ्हायनी मी." कोणाला घ्यायला? ते नाही सांगितलं.

हे म्हणाले, "मोहिनीलेच. सुरतनी गाडी नंदुरबारलेच येस ना." असेल. लेकीची ओढ. नाहीतर आणखी कोण आहे जिजींना?

येताना मोटारसायकलवर मध्ये जिजी, मागे मी. त्यांची पाठ माझ्या छातीशी. केवढ्याशा झाल्यात!

२० मार्च

नंदुरबारच्या डॉक्टरांकडे नेलं. "याच्यावर खास औषध नाही. सांभाळा. एकट्या बाहेर जाऊ देऊ नका." सांभाळा! सगळे हेच म्हणतात. फी घेणारेही आणि न घेणारेही.

पण एक गोष्ट झाली तिथे. बाहेरच्या खोलीला काचेचं दार होतं, आतून ढकलायचं. हे गोळ्या घ्यायला गेले, मी कागद आवरत होते, तेवढ्यात जिजी उठल्या आणि दाराशी गेल्या. दांडी धरली आणि ओढली. दार हललं नाही. परत ओढली. मी उठणार होते, पण तिथेच थांबले. त्यांनी चार-पाचदा ओढून बघितलं. ना आरडाओरडा, ना 'कोंडी दिन्हं'. नुसतं दाराकडे बघितलं आणि परत येऊन माझ्या शेजारी बसल्या. "फुगी गया व्हई," म्हणाल्या. पावसाळ्यात फुगतं तसं दार फुगलं असेल, म्हणे.

जन्मभर त्यांनी दार आत ओढूनच उघडलंय. ढकलायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही.

कुलूप नाही. कडी नाही. दार उघडंच. फक्त बाहेर उघडणारं.

हे मला सुचलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

२२ मार्च

यांना सांगितलं. यांनी दार दोनदा उघडून लावून पाहिलं. मग म्हणाले, "तुले याद शे का, घर बांधतांना?"

आठवतं की. हे नवं घर बांधलं तेव्हा यांना पुढचं दार बाहेर उघडणारं पाहिजे होतं. पुढची खोली लहान, दार आत उघडलं की सोफ्याला अडतं. सोफ्यासाठी दार फिरवायला निघाले होते! तेव्हा जिजींचं डोकं शाबूत होतं आणि जीभही. सुतार जाकीरभाई चौकट घेऊन उभे आणि जिजी दारात बसलेल्या. "दार ओढं का आपुन मांगे सरकतस, येनारले जागा व्हस. बाहेर ढकलं का येनारलेच मांगे सरकनं पडस. पायरीवरथीन उतरी दे म्हने पाहुणाले! असं घर माले नही पाहिजे." शेवटी सोफाच लहान घेतला.

आज यांनी विचारलं, "कुलूप नही ना मग?"

"नाही."

"कडी बी नही?"

"नाही. दार उघडंच असेल."

"व्हऊ दे," म्हणाले आणि उठून गेले. अवघड गोष्ट आली की हे शेतात जातात. तिथे काय एवढं काम असतं देव जाणे.

२३ मार्च

जाकीरभाईंना फोन. "भाभी, रोजे चालू है. ईदके बाद आता."

२७ मार्च

दुपारी पडते तेव्हा त्यांच्या पदराला माझ्या पदराची गाठ मारते. लग्नात यांच्याशी मारलेली गाठ इतका वेळ टिकली नव्हती! त्या उठल्या की मी उठते. त्या मोरीत, मी मोरीच्या दारात. केस विंचरायला वेळ नाही मला. आरशात बघितलं तर सासू कोण आणि सून कोण?

५ एप्रिल

दार फिरलं.

जाकीरभाई सकाळीच आले, डब्यात शीरखुर्मा घेऊन. जिजींनी त्यांना लगेच ओळखलं! "जाकीर, तुन्हा बाप कसा शे?" बाप जाऊन किती वर्षं झाली, पण ओळखलं तर खरं. मी शीरखुर्म्याची वाटी हातात दिली तर "ठेव तठे, बाई."

जाकीरभाईंना काम सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला. "भाभी, घरका दरवाजा बाहर नहीं खुलता. गोडाऊनका खुलता." मग एकेक अडचण. बिजागऱ्या बाहेर येतील, चोराला सोपं. पाऊस फळीवर बसेल. ओटा अरुंद आहे, दार उघडलं की बाहेरच्या माणसाला पायरीवर उभं राहता येणार नाही. मी सगळं ऐकलं आणि म्हटलं, करा. कशासाठी ते सांगितलं नाही. नंतर त्यांनी जिजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांना ते कळलं असावं. रंधा परत उचलला.

चौकटीच्या आतल्या बाजूने पट्ट्या ठोकल्या, म्हणजे दार आत येऊच शकत नाही. बिजागऱ्या फिरवल्या. जिजी खाटेवर बसून सगळं बघत होत्या. ठोकाठोकी चालली असताना एकदा म्हणाल्या, "चांगलं करजो बेटा, घरनं तोंड शे ते."

मी आत जाऊन उगाच डबे लावत बसले.

६ एप्रिल

आज दिवसभर तमाशा!

हे शेतातून आले, सवयीने खांद्याने दार ढकललं, कपाळ आपटलं. दूधवाला कॅन घेऊन पायरीवर उभा, मी आतून दार लोटलं, तो कॅनसकट खाली. सरलाबाई वाटीभर साखर मागायला आल्या. मी दार उघडायला आणि त्या पायरी चढायला एकच गाठ. मागे सरकताना नालीत पाय गेला. "काय वं नूतन, पाहुणाले बाहेर ढकलानं दार करं का तुम्ही? सरळ बोर्ड लावी दे ना, येऊ नका म्हनीसन!"

हसले मी. खूप दिवसांनी पोट धरून हसले. जिजी पण हसल्या. का हसताहेत हे न कळताच.

७ एप्रिल

जमलं.

संध्याकाळी दिवा लावला. दिवेलागणीला त्यांची उठबस फार वाढते, हे आता माझ्या ध्यानात आलंय. उठल्या, पदर सारखा केला, दाराशी गेल्या. मूठ धरली, ओढली. चौकट धडधडली. परत ओढली. पाय रोवून. मी स्वयंपाकघरातून बघत होते, हातात पोळपाट. "फुगी गया," म्हणाल्या. खाटेवर येऊन बसल्या.

आरडाओरडा नाही. गर्दी नाही. विहीर नाही. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे.

१० एप्रिल

आज माझ्याकडे आल्या. माझ्या हाताला हात लावून म्हणाल्या, "वो बाई, दार उघडी दे ना. मन्हाकडथीन निंघत नही."

"अडकलंय जिजी. सुतार येईल."

"कवय येई?"

"उद्या."

मान हलवली. विश्वास ठेवला माझ्यावर.

ढकला — एवढा एक शब्द! तो मी त्यांना सांगत नाही. कडी लावली होती तेव्हा निदान मला सगळ्यांनी बोल लावला होता. आता कोणी काही म्हणत नाही.

११ एप्रिल

"सुतार उना का?" दिवसभर.

१५ एप्रिल

बोटं सोलली गेली आहेत. उजव्या हाताच्या दोन बोटांची साल निघालीये आणि त्या मला दाखवत नाहीत, पदराखाली लपवतात. हळद-तेल लावलं. मुठीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळली. चिंधी सोडून ओढतात.

हे म्हणाले, मूठच काढून टाकतो, मग ओढणारच नाही. काढली. संध्याकाळी जिजी आल्या, मूठ जिथे होती तिथे हात फिरवला, शोधलं. मग फळीच्या कडेत नखं घालून ओढायला लागल्या. नखं! तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. हे धावत गेले, त्यांचा हात धरला आणि तिथेच खाली बसून रडले. पन्नाशीचा बाप्या, आईच्या पायाशी. जिजी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, "काय व्हयनं गोपाल? कोन बोलनं तुले?"

मूठ परत बसवली.

मला वाटलं, दार फळीसकट काढून जाळावं. मग वाटलं, जाऊन यांना मिठी मारावी. यातलं काहीच केलं नाही. पोळ्या लाटल्या.

१९ एप्रिल

यांनी आईला नीट समोर बसवून विचारलं. "माय, कोन येनार शे? कोनासाठे दार उघाडस तू?"

"येनार शे ना."

"पन कोन?"

"येनार शे म्हन्तस ना मी!" चिडल्या. ताट सरकवलं.

सरलाबाईंचं म्हणणं, यात विचारायचं काय, आखाजी जवळ आली. आखाजीला लेक माहेरी येते, आई दारात असतेच. मोहिनी किती वर्षांत आखाजीला आलेली नाही. तिचं दुकान, तिची मुलं, सुरतेचा उन्हाळा. खरंच की! हे आम्हाला आधी का सुचलं नाही? मी फोन लावला. "वहिनी, येते मी," म्हणाली. "आईने एवढी वाट बघितली आणि मी..." फोनवरच रडायला लागली.

आज जरा आशा वाटते. उगाच वाटत असेल. पण वाटते.

२५ एप्रिल

ऊन असं आहे की ओट्यावर पाय ठेववत नाही. जिजी बाहेर पडत नाहीत हे बरंच आहे, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालते. दार रोज तेवढंच ओढतात.

२९ एप्रिल

मोहिनी आली!

पायरीवर उभी राहून तिने दार ढकललं आणि "हे काय?" म्हणून ओरडली. मी आतून लोटलं, ती उतरली, मग आत आली. जिजी खाटेवरून उठल्या. "मोहिनी! मन्ही माय!" तिचं तोंड दोन्ही हातात धरलं. काय ओळखलं! केस का गळाले, नवरा कसा आहे, चहात साखर कमी घे. जणू काही झालेलंच नाही. मोहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, आई तर चांगली आहे गं!"

दोघींना चहा दिला. जिजी तिला म्हणाल्या, "ही बाई चहा चांगला करस."

संध्याकाळी मायलेकी अंगाला अंग लावून बोलत बसल्या. आज दाराशी गेल्या नाहीत. मिळालं त्यांना हवं होतं ते. यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला. मला बरं वाटलं. वाईटही वाटलं. दोन्ही खरंच.

३० एप्रिल

आखाजी. सकाळपासून सांजोऱ्या तळल्या, आमरस केला, मोहिनीने खापरावरचे मांडे करायला घेतले आणि दोन फाडले. कडुनिंबाला झोका बांधला होता, गल्लीतल्या माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. जिजींनी पण एक ओळ म्हटली.

संध्याकाळी दिवा लावला. जिजी मोहिनीच्या मांडीवरचा हात काढून उठल्या. पदर सारखा केला. दाराशी गेल्या. ओढायला लागल्या.

आम्ही तिघं बघत राहिलो.

मोहिनी उठून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आई, मी आली ना! हाई दख, मी उनी ना!"

"हाव, तू उनी. बठ," जिजी म्हणाल्या. तिला हाताने बाजूला केलं आणि परत मूठ धरली.

मोहिनी भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून रडली. हे चप्पल घालून निघून गेले. मी झाऱ्या हातात घेऊन तशीच. आमरस कोणी खाल्ला नाही. मग कोण येणार आहे? सासरे? त्यांना जाऊन जमाना झाला, आणि ते असताना ह्या त्यांच्यासाठी कधी दारात उभ्या राहिल्या नाहीत. आणखी कोण उरलं?

आता माझ्याकडे काहीच उरलं नाही. डॉक्टर झाले, कडी झाली, यंत्र झालं, दार झालं, लेक झाली.

२ मे

मोहिनी गेली. फाट्यावर म्हणाली, "सांभाळ वहिनी."

३ मे

दिवा लावला. जिजी दाराशी. ओढून ओढून दमल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बाई, तू जाय आते तुन्हा घर. मन्ही वहूनी येवानी येळ व्हयनी. नंदुरबारथीन येस ती, संध्याकाळनी एष्टीवर. थकी जास बिचारी. तिले दार उघाडं लागस."

मी मागच्या दाराने बाहेर पडले. घराला वळसा घालून पुढे आले, पायरी चढले, कडी वाजवली.

"कोन शे?"

"मी, जिजी. नूतन."

"थांब, थांब, उघाडस!" आतून त्या ओढायला लागल्या. चौकट धडधडत होती. मी बाहेरून दार ओढलं आणि त्याच्याबरोबर पायरी उतरले. परत चढले तर जिजी मागे सरकून, मला जागा करून उभ्या. मी आत पाऊल टाकलं. त्यांनी पाठ फिरवली, काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं पातेलं शोधायला लागल्या.

जाकीरभाईंना फोन केलाय. दार परत आत. आणि उद्या संध्याकाळी मला यायचं आहे.